सेंट्रल हीटिंगचा पंप बदलताना : पाण्याचा निचरा आणि पुनर्भरण

ऐन जानेवारीत ब्रिटनमधील एखादे घर थंड पडते, तेव्हा पहिला दोष बहुधा बॉयलरला दिला जातो. पुष्कळदा बॉयलर मात्र व्यवस्थित पेटलेला असतो. त्यातून निघणाऱ्या नळीला हात लावावा तर चटका बसतो, आणि तरीही खोल्याखोल्यांतील रेडिएटर गारच राहतात. थोड्या वेळाने बॉयलर अति तापून आपोआप बंद पडतो, निवला की पुन्हा पेटतो, पुन्हा बंद पडतो. उष्णता निर्माण होत आहे, पण ती घरभर वाहून नेणारे पाणी जागचे हलत नाही, असा याचा अर्थ. हे पाणी फिरवणारा पंप वीतभरही लांबीचा नसतो आणि तो बदलणे हे जाणत्या हाताला अर्ध्या तासाचे काम आहे. त्या अर्ध्या तासासाठी नळ्यांमधील पाणी काढणे आणि पुन्हा भरणे यात मात्र अख्खा दिवस जाऊ शकतो. घोटाळे होतात तेही बहुधा याच भागात.

व्यवस्थेचे स्वरूप

पुण्या-मुंबईच्या वाचकाला गीझर परिचयाचा असतो. नळाचे पाणी त्यात शिरते, तापते आणि बादलीत पडते. सेंट्रल हीटिंगचे पाणी असे वापरात येत नाही. ते बॉयलरमध्ये तापते, तांब्याच्या 15 किंवा 22 मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांतून रेडिएटरमध्ये जाते, तेथे खोलीला ऊब देऊन निवते आणि पुन्हा बॉयलरकडे परतते. तेच पाणी वर्षानुवर्षे घरात फिरत राहते. मध्यम आकाराच्या घरात ते साधारण 100 लिटरच्या आसपास भरते. आंघोळीच्या गरम पाण्याची टाकी वेगळी असली, तर हे पाणी तिच्यातील वेटोळ्यातून जाते आणि बाहेरून टाकीतले पाणी तापवते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. म्हणूनच हीटिंगचा निचरा करताना आंघोळीच्या पाण्याची टाकी रिकामी करावी लागत नाही. तिच्यात विजेचा हीटर बसवलेला असेल तर दुरुस्तीच्या दिवशीही घरात गरम पाणी मिळू शकते.

पंप येण्यापूर्वीही अशी व्यवस्था अस्तित्वात होती. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले जड होऊन खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर ती चाले. त्यासाठी मनगटाएवढे जाड लोखंडी पाइप लागत, आणि घर तापायला अर्धा दिवस जाई. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी पाइपच्या वळणातच बसणारा, पाण्याला गती देणारा पंप तयार केला. पुढे ज्याचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो असा पंप आला आणि गळणाऱ्या सीलची कटकट मिटली. पाण्याला रेटा मिळाल्यामुळे बारीक नळ्याही पुरेशा ठरू लागल्या, आणि त्या भिंतीच्या कडेने किंवा लाकडी फरशीखालून सहज नेता येऊ लागल्या. 1967 ते 1977 या दशकात ब्रिटनची घरे कोळशापासून बनवलेल्या गॅसवरून उत्तर समुद्रातील नैसर्गिक गॅसवर आणली गेली. त्यानंतर ही व्यवस्था घरोघर पोहोचली; आज तेथील 90 टक्क्यांहून अधिक घरांत ती आहे. अलीकडे बॉयलरऐवजी बसवले जाणारे ‘हीट पंप’ हे वेगळेच यंत्र आहे. नामसाम्यामुळे गोंधळ होतो, पण पाणी फिरवायला त्यालाही असाच छोटा पंप लागतो.

पाण्यात बुडालेला फिरता भाग हे या पंपाचे बलस्थान, आणि तेच त्याचे मर्मस्थान. त्याच्या बेअरिंगना वंगण मिळते ते फिरणाऱ्या पाण्याचेच. पंप कोरडा चालला, तर काही वेळातच बेअरिंग झिजतात. पाण्यात गाळ असला, तर तो बारीक फटीत जाऊन बसतो.

पंप खरोखर निकामी झाला आहे काय?

निचऱ्याची घाई करण्यापूर्वी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण काढून टाकलेले कित्येक पंप प्रत्यक्षात केवळ अडकलेले असतात. उन्हाळ्यात चार-पाच महिने बंद राहिलेल्या पंपात गाळ बसून त्याचा दांडा जाम होतो. ऑक्टोबरात हीटिंग सुरू केले की पंप गुणगुणतो, तापतो, पण फिरत नाही. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या तोंडावर मधोमध एक मोठा स्क्रू असतो. वीज बंद करून तो सावकाश काढला की थोडे पाणी ठिबकते आणि आत दांड्याची खाच दिसते. त्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून दांडा दोन-चार वेळा फिरवला की पुष्कळदा पंप पूर्ववत चालू होतो. आतला कपॅसिटर कमजोर झाला असेल तर हाताने फिरवल्यावर पंप सुरू होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा अडतो. अशा पंपाचा भरवसा धरू नये.

पंपापर्यंत वीज पोहोचते आहे की नाही, हेही पाहावे लागते. खोलीतील थर्मोस्टॅट, वेळ लावण्याचे घड्याळ आणि विजेवर चालणारा व्हॉल्व्ह या तिघांपैकी एकानेही आज्ञा दिली नाही, तर धडधाकट पंपही स्वस्थ बसून राहतो. यांपैकी विजेवर चालणारा व्हॉल्व्ह अडकणे ही फार सामान्य तक्रार आहे, आणि तिचे खापर हकनाक पंपावर फुटते.

निचरा टाळता येतो तेव्हा

पंप ठरवून बसवलेला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक व्हॉल्व्ह असतो. हे दोन्ही बंद केले की पाणी त्यांच्यामागे अडून राहते आणि मधला पंप काढता येतो. अशा वेळी घरातील सगळे पाणी काढण्याची गरज नाही. अडचण अशी की, वीस-पंचवीस वर्षे ज्यांना कोणी हात लावलेला नाही ते व्हॉल्व्ह नेमके हव्या त्या दिवशी फिरत नाहीत, किंवा फिरतात पण पाणी पुरते अडवत नाहीत.

त्याची परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून, पाणी निवू देऊन दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. पंपाखाली परात आणि जुनी फडकी ठेवावीत आणि पंपाचा एक मोठा नट पान्याने किंचित सैल करावा. पेलाभर पाणी येऊन धार थांबली, तर व्हॉल्व्ह काम करत आहेत. धार चालूच राहिली, तर नट लगेच पुन्हा आवळावा आणि निचऱ्याच्या तयारीला लागावे. अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर काढणे हा मात्र धोक्याचा मार्ग आहे. त्याची दांडी तुटली किंवा जोडातून नळी पिळली गेली, तर पाणी कोठून आणि किती येईल याचा नेम राहत नाही. आणि हे पाणी काळे असते. गालिच्यावर पडलेला त्याचा डाग सहजासहजी निघत नाही.

व्हॉल्व्ह निकामी आणि व्यवस्था जुन्या, उघड्या पद्धतीची असेल, तर प्लंबर आणखी एक युक्ती करतात. माळ्यावरच्या छोट्या टाकीतून पाणी आत नेणारी नळी आणि त्या टाकीवर वळून उघडी राहणारी वाफेची नळी, अशी दोन तोंडे रबरी बुचांनी बंद करायची. वरून हवा शिरायला वाट उरली नाही की खालून नट सोडल्यावरही पाणी जागच्या जागी थांबते. नळीचे वरचे टोक बोटाने दाबल्यावर थांबावे तसे. तेवढ्या अवधीत पंप बदलून होतो. युक्ती चांगली आहे, परंतु काम संपल्यावर दोन्ही बुचे आठवणीने काढावी लागतात. उघडी नळी हा त्या व्यवस्थेचा सुरक्षिततेचा मार्ग असतो. ती बंद असताना बॉयलर पेटवला आणि तो बेसुमार तापला, तर फुगणाऱ्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला जागा राहत नाही. बुचांना लांब रंगीत दोरी बांधून तिचे टोक बॉयलरच्या कळीला अडकवून ठेवण्याची खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही.

उघडी पद्धत आणि बंद पद्धत

निचरा करायचाच असे ठरल्यावर व्यवस्था कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ओळखावे लागते. उघड्या पद्धतीत माळ्यावर, छपराखाली एक छोटी टाकी असते. आपल्याकडे इमारतीच्या गच्चीवर टाकी असते तशीच, फक्त फार लहान. नळ्यांतील पाणी कमी झाले की ती भरून काढते, आणि तापलेले पाणी फुगले की त्याला वर सरकायला जागा देते. बंद पद्धतीत अशी टाकी नसते. तेथे पाणी दाबाखाली असते, फुगणाऱ्या पाण्यासाठी आत रबरी पडदा असलेले एक भांडे बसवलेले असते आणि दाब दाखवणारा काटा असतो. पाणी थंड असताना तो साधारणतः 1 ते 1.5 बार दाखवतो.

अलीकडची बहुतेक घरे बंद पद्धतीची आहेत. त्यांतही ‘काँबी’ बॉयलर असेल, तर पंप बॉयलरच्या पेटीतच असतो आणि मग हे काम घरमालकाचे राहतच नाही. गॅसच्या उपकरणाशी संबंधित काम लायक आणि नोंदणीकृत व्यक्तीनेच करावे, असे ब्रिटनचे 1998 चे गॅस सुरक्षा नियम सांगतात. ही नोंदणी पूर्वी ‘कॉर्गी’ या संस्थेकडे होती. ग्रेट ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2009 पासून ती ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे आहे. पंप बॉयलरच्या बाहेर, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात असेल, तर तो पाण्याच्या आणि विजेच्या कामात मोडतो. या लेखातील पुढील माहिती अशाच पंपाविषयी आहे.

निचऱ्याचा दिवस

काम सकाळी लवकर आणि शक्यतो दुकाने उघडी असतील अशा दिवशी सुरू करावे. जुना वॉशर तुटला आणि प्लंबरच्या सामानाचे दुकान बंद असले, तर दोन पैशांच्या वस्तूसाठी रात्र थंडीत काढावी लागते. घरात तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर विजेचा एखादा सुटा हीटर आधीच आणून ठेवावा.

प्रथम हीटिंगची वीज भिंतीवरील स्वतंत्र कळीतून बंद करावी आणि तिच्यातील फ्यूज काढून खिशात ठेवावा. म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून ती चालू करणार नाही. पाणी 60 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. ते निवायला काही तास द्यावे लागतात. घाईने गरम पाणी सोडणाऱ्याचे हात पोळतात आणि बागेतल्या रबरी नळीचा जोडही मऊ पडून सुटतो.

यानंतर माळ्यावर जाऊन छोट्या टाकीत येणारे पाणी थांबवायचे. नळीवर व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करावा. नसेल तर टाकीवर आडवी लाकडी पट्टी ठेवून चेंडूच्या नळाची दांडी सुतळीने तिला वर बांधावी. हे न करता खाली तोटी उघडली, तर जेवढे पाणी बाहेर जाईल तेवढेच वरून येत राहील आणि संध्याकाळपर्यंत निचरा संपणार नाही. माळ्यावर बहुधा दोन टाक्या असतात, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. मोठी टाकी घरातल्या वापराच्या पाण्याची असते. तिला हात लावण्याचे कारण नाही. छोटीत तळाशी थोडेच, अनेकदा गढूळ, तांबूस पाणी दिसते. तीच हीटिंगची.

काही जुन्या घरांत दुसरी टाकीच सापडत नाही आणि बंद पद्धतीचा दाबाचा काटाही नसतो. तेथे ‘प्रायमॅटिक’ प्रकारची गरम पाण्याची टाकी असण्याचा संभव असतो. तिच्यात हीटिंगचे पाणी आणि आंघोळीचे पाणी यांच्यामध्ये केवळ अडकवलेल्या हवेचा बुडबुडा असतो. अशा घरात हीटिंगच्या पाण्यात गंजरोधक रसायन कदापि घालू नये, कारण ते नळाच्या पाण्यात उतरू शकते.

निचऱ्याची तोटी व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या जागी असते. ती बहुधा तळमजल्यावरील एखाद्या रेडिएटरच्या नळीवर, बॉयलरजवळ, कधी बाहेरच्या भिंतीत, तर कधी सामानाच्या मागे सापडते. तिच्या खाचेदार तोंडावर रबरी नळी घालून पट्टा घट्ट आवळावा आणि नळीचे दुसरे टोक तोटीपेक्षा खालच्या पातळीवर, घराच्या सांडपाण्याच्या गटारात सोडावे. पावसाच्या पाण्याची मोरी त्यासाठी वापरू नये. ती पुष्कळ ठिकाणी थेट ओढ्या-नाल्याला मिळते आणि हीटिंगच्या पाण्यात गंज आणि रसायने असतात. हिरवळीवर किंवा अंगणातील फरशीवरही ते सोडू नये.

तोटीचा चौकोनी दांडा पान्याने काही फेरे सैल करायचा. पुरता बाहेर काढायचा नाही, नाहीतर तो हातात येतो आणि पाण्याला आवरायला काहीच उरत नाही. कधी दांडा सैल होऊनही पाणी येत नाही, कारण कडक झालेला वॉशर आतच चिकटून बसलेला असतो. हलक्या प्रतीच्या तोट्या दांड्याभोवतीही गळतात, तेव्हा खाली पसरट भांडे हवेच.

धार मंदावली की वरच्या मजल्यावरील रेडिएटरचे हवा सोडण्याचे स्क्रू छोट्या चावीने उघडावेत. तोवर ते उघडू नयेत, नाहीतर हवा आत जाण्याऐवजी पाणीच बाहेर उडते. वरून हवा शिरू लागली की पाणी पुन्हा जोरात उतरते. रेडिएटरचे व्हॉल्व्ह मात्र आधीपासून पूर्ण उघडे हवेत. तापमानानुसार आपोआप मिटणारे व्हॉल्व्ह बंद राहिले, तर त्यामागचे पाणी तेथेच अडकते.

सगळे घर रिकामे करण्याचा अट्टहास बहुधा अनावश्यक असतो. पंप वरच्या मजल्यावर असेल, तर पाण्याची पातळी त्याच्या खाली उतरली की पुरे. तळमजल्यावरील रेडिएटरचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आधीच मिटून ठेवले, तर त्यांतले पाणी आणि त्यातील रसायन वाचते, आणि नंतर हवा काढण्याचे कष्टही निम्मे होतात. तसे करताना प्रत्येक रेडिएटरचा टोपीखालचा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांनी बंद झाला, हे लिहून ठेवावे. घरातल्या सर्व खोल्या सारख्या तापाव्यात म्हणून ते फेरे कोणीतरी एकदा जुळवलेले असतात.

बंद पद्धतीत माळ्यावर चढावे लागत नाही. पाणी भरण्याची जोडनळी बंद असल्याची खात्री करून तोटी उघडायची, काटा शून्यावर येऊ द्यायचा आणि मगच वरचे स्क्रू उघडायचे. या पद्धतीत 3 बारला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. त्याची टोपी फिरवून पाणी काढणे सोपे वाटते, पण त्याच्या बैठकीत गाळाचा कण अडकला की तो पुन्हा नीट मिटत नाही आणि पुढे कायम ठिबकत राहतो.

पंपाची अदलाबदल

विजेच्या तारा सोडण्यापूर्वी त्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. वीज खरोखर बंद असल्याचे टेस्टरने तपासल्याखेरीज झाकण उघडू नये. तारांच्या कामाची सवय नसेल, तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडे सोपवणेच शहाणपणाचे. मोठे नट सोडताना एका पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेवावा आणि दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर नळी पिळली जाते. निचरा झाल्यानंतरही पंपाच्या पोटात पेलाभर काळे पाणी उरलेले असते.

घरगुती पंपाची लांबी ब्रिटनमध्ये बहुधा 130 मिलिमीटर असते, त्यामुळे निराळ्या कंपनीचा पंपही जुन्याच जागेत बसतो. त्याच्या अंगावर 15-50 किंवा 15-60 असे आकडे असतात. त्यांतील दुसरा आकडा तो पाण्याला जास्तीत जास्त 5 किंवा 6 मीटर उंचीइतका रेटा देतो, असे दर्शवतो. जास्त जोराचा पंप म्हणजे जास्त ऊब, असा समज चुकीचा आहे. उघड्या पद्धतीत रेटा अति झाला, तर पाणी उघड्या नळीतून माळ्यावरच्या टाकीत पडत राहते, जाताना हवा घेऊन येते आणि साऱ्या व्यवस्थेला आतून गंज चढतो.

नवा पंप बसवताना अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, दांडा आडवा हवा आणि तारांची पेटी मोटारीच्या खाली येता कामा नये. गळले तर पाणी तिच्यातच शिरेल. जोडाच्या दोन्ही कडा स्वच्छ पुसून नवे वॉशर घालावेत. पाणी उतरवलेच आहे तर पंपाचे दोन्ही जुने व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून टाकावेत. त्यांची किंमत पंपाच्या मानाने किरकोळ असते आणि त्यामुळे पुढच्या वेळी निचऱ्याची पाळीच येत नाही. निचऱ्याच्या तोटीचा वॉशर बदलण्याचीही हीच वेळ.

विजेच्या दृष्टीने नवा पंप मोठी बचत करतो. तीन वेगांच्या जुन्या पंपाला 50 ते 90 वॅट लागत. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2013 पासून आणि अधिक कडकपणे 1 ऑगस्ट 2015 पासून कार्यक्षमतेच्या अटी घातल्या, आणि तसे पंप बाजारातून गेले. त्यांच्या जागी आलेले पंप गरजेप्रमाणे स्वतःचा वेग बदलतात आणि कित्येकदा 10-20 वॅटमध्ये भागवतात. मात्र त्यांच्या मोटारीत कायम चुंबक असते, त्यामुळे पाण्यातील काळा गाळ त्यांना अधिक बाधतो.

काळ्या पाण्याचे मूळ

हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचे काळे ऑक्साइड. रेडिएटर पोलादाचे असतात. पाण्यातील प्राणवायू त्यांना आतून खातो. एकदा भरलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की गंजण्याचा वेग मंदावतो. म्हणून काळे दिसणारे जुने पाणी ताज्या पाण्यापेक्षा धातूला कमी अपायकारक असते. प्रत्येक निचरा आणि पुनर्भरण म्हणजे प्राणवायूची नवी शिदोरी होय. गंजताना हायड्रोजनही तयार होऊ शकतो आणि तो रेडिएटरच्या माथ्याशी साचतो. तो पेट घेतो, तेव्हा हवा सोडताना जवळ काडी ओढू नये.

निचऱ्यात बाहेर आलेले पाणी शाईसारखे काळे असेल, तर नुसता पंप बदलून भागत नाही. स्वच्छ पाणी भरून, काढून, पुन्हा भरून नळ्या धुवाव्या लागतात, आणि बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवावी लागते. घरगुती हीटिंगच्या पाण्याविषयीच्या बीएस 7593 या ब्रिटिश मानकाने 2019 च्या आवृत्तीत अशा गाळणीची शिफारस केलेली आहे. गाळ तसाच ठेवून बसवलेला नवा पंप एक-दोन हिवाळ्यांतच जुन्याच्या वाटेने जातो, आणि दोष मात्र पंपाच्या कंपनीला दिला जातो.

पुन्हा भरताना

तोटी आणि हवेचे सर्व स्क्रू बंद आहेत, याची खात्री करून माळ्यावरची सुतळी सोडावी. भरण हळू होऊ द्यावे. जोराने आलेले पाणी हवेला कोपऱ्यात कोंडते. प्रथम तळमजल्यावरील रेडिएटरची हवा काढावी, नंतर वरच्या मजल्यावरील. सूं सूं असा आवाज थांबून पाण्याचा थेंब दिसला की स्क्रू मिटवायचा. हे सर्व होईपर्यंत पंप चालू करू नये.

कधी वरची टाकी भरलेली दिसते, पण खाली रेडिएटरमध्ये पाणी पोहोचतच नाही. आपल्याकडे टाकीच्या लाइनमध्ये हवा धरते तसाच हा प्रकार वाटतो, आणि काही वेळा तसाच असतोही. पण जुन्या घरांत आणखी एक कारण असते. छोट्या टाकीतून येणारी नळी मुख्य नळीला जेथे मिळते, त्या जोडाशी वर्षानुवर्षांचा गाळ साचून मार्गच बंद झालेला असतो. तो ओळखण्याची युक्ती मोठी मजेदार आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही. नळीवरून साधे चुंबक फिरवत न्यावे आणि ते जेथे चिकटेल, तेथे आत मॅग्नेटाइट भरलेले आहे असे समजावे. तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागतो. निचरा करताना सुतळी बांधूनही छोट्या टाकीतले पाणी खाली उतरलेच नव्हते काय, हे आठवून पाहावे. तसे असेल तर हा अडथळा आधीपासूनचाच. पाणी काढण्यापूर्वीच ते लक्षात आले, तर त्याच दिवशी दोन्ही कामे होतात.

गंजरोधक रसायन शेवटच्या भरणाच्या वेळी घालावे. उघड्या पद्धतीत ते छोट्या टाकीत ओतता येते, बंद पद्धतीत एखाद्या रेडिएटरमधून आत सोडावे लागते. बहुतेक रसायनांची एक लिटरची बाटली 100 लिटर पाण्याला पुरते. बाटलीवरील प्रमाण पाहून घ्यावे. बंद पद्धतीत दाब 1 ते 1.5 बारवर आणून भरण्याची जोडनळी काढून ठेवावी. ती पिण्याच्या पाण्याच्या नळाला कायम जोडलेली राहणे तेथील पाण्याच्या नियमांत बसत नाही.

जुन्या पद्धतीच्या पंपातली हवा मधल्या स्क्रूतून काढून मगच फ्यूज परत बसवावा. बॉयलर पेटवण्यापूर्वी पंप काही मिनिटे थंड पाण्यावर चालवून पाहिल्यास गळती असेल तर चटक्याविना कळते. ओल्या हातांना थेंब जाणवत नाही. कोरडा कागदी रुमाल प्रत्येक जोडावरून फिरवावा. पाणी तापल्यानंतर आणि पुन्हा निवल्यानंतर जोड परत पाहावेत, कारण उष्णतेने धातू हलतो आणि थंडपणी कोरडा राहिलेला जोड रात्री ठिबकू शकतो. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरच्या रेडिएटरमध्ये पुन्हा खळखळ ऐकू आली तर नवल नाही. चावीने ती काढून टाकावी आणि बंद पद्धतीत घटलेला दाब भरून घ्यावा. दाब आठवड्यानंतरही उतरतच राहिला, तर कोठेतरी गळती आहे किंवा फुगवट्याच्या भांड्यातील हवा गेली आहे.

भाडेकरूंसाठी

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये गेलेली कुटुंबे सुरुवातीची वर्षे बहुधा भाड्याच्या घरातच काढतात. अशा घरात यातले काहीच स्वतः करण्याची आवश्यकता नाही आणि करूही नये. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम 11 नुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घर तापवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त आणि चालू स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असते, आणि भाडेकरारात काही वेगळे लिहून ती भाडेकरूवर टाकता येत नाही. गॅसच्या उपकरणांची वर्षातून एकदा नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेऊन तिच्या नोंदीची प्रत भाडेकरूला देणे हेही मालकाकडेच येते. हीटिंग बंद पडल्याची तक्रार फोनवर केली तरी ती लेखी, तारखेसह पाठवावी. बॉयलर गरम आणि रेडिएटर थंड असल्याचे तीत नमूद केले, तर येणारा तंत्रज्ञ बरोबर पंप घेऊनच येण्याची शक्यता वाढते.